शाळा व्यवस्थापन समिती: सदस्य कसं व्हायचं आणि झाल्यावर काय करायचं

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत गेलात तर ऑफिसच्या भिंतीवर एक फलक असतो. वर ‘शाळा व्यवस्थापन समिती’, खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य आणि शेवटी सदस्य सचिव. मुलाला सोडायला आलेल्या आईला विचारलं, ही समिती करते काय, तर उत्तर बहुतेक वेळा असं येतं: “पंधरा ऑगस्टला अध्यक्ष पुढं खुर्चीवर असतात की.” पक्षाचं तिकीट न मागता, एक रुपया खर्च न करता, सरकारी पैशावर आणि सरकारी शाळेवर कायद्यानं देखरेख करता येईल अशा जागा सामान्य माणसासाठी फार थोड्या आहेत. त्यातली ही एक. पालक म्हणून इथं यायला अट एकच, तुमचं मूल त्या शाळेत शिकत असलं पाहिजे.

जुनी माणसं अजूनही ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. मुंबई इलाख्यात १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानं शाळा स्थानिक संस्थांच्या हाती आल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डांचा कारभार सुरू झाला. पुढं १ मे १९६२ला जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि शाळा त्यांच्याकडे गेल्या. बोर्ड काय आणि जिल्हा परिषद काय, निर्णय घेणारी माणसं जिल्ह्याच्या गावी बसणारी. गावात ग्रामशिक्षण समिती असायची, पण ती अख्ख्या गावाची. ज्यांची मुलं त्याच बाकांवर बसतात त्यांच्या हातात कायद्यानं काहीतरी दिलं ते २००९च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क कायद्यानं, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो त्यानं. तो १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि महाराष्ट्रात १७ जून २०१०च्या शासन निर्णयानं शाळाशाळांत समित्या स्थापन झाल्या.

कायद्याचं कलम २१ सांगतं की समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्याकडे समिती साधारण १२ ते १६ जणांची असते. बारा जणांची धरली तर नऊ पालक, एक ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा लोकनियुक्त सदस्य, एक शिक्षक आणि एक शिक्षणाची जाण असलेली स्थानिक व्यक्ती. बारांपैकी सहा महिला. मुख्याध्यापक सदस्य सचिव. दोन विद्यार्थी निमंत्रित म्हणून बसतात, त्यात एक तरी मुलगी. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच निवडायचे, त्यामुळं सरपंचांना अध्यक्ष व्हायचं असेल तर त्यांचंही मूल त्याच शाळेत हवं. मला या कायद्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते.

समितीची मुदत दोन वर्षांची. मग पुनर्गठन. आणि पुनर्गठनाची पालकसभा हाच तुमचा प्रवेशाचा दरवाजा.

प्रत्यक्षात काय होतं ते स्पष्ट लिहितो. सभेची सूचना मुलांच्या वहीत किंवा वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येते, बऱ्याचदा आदल्या दिवशी. वेळ सकाळी अकराची, म्हणजे शेतात, कंपनीत किंवा धुण्याभांड्याच्या कामावर असण्याची. शंभर पालकांपैकी पंधरावीस येतात. नावं गावातल्या दोनचार माणसांनी रात्रीच ठरवलेली असतात. कुणीतरी सूचक होतं, कुणीतरी अनुमोदक, टाळ्या वाजतात आणि ‘समिती बिनविरोध’ अशी नोंद होते. यात मुख्याध्यापकांचा दोष असतोच असं नाही. त्यांना गावात नोकरी करायची असते आणि भांडण नको असतं.

बिनविरोध निवड वाईट असते असं माझं म्हणणं नाही. लहान गावात उघड लढत झाली की तिची कटुता मुलांच्या खेळापर्यंत पोचते. पण एकमत व्हायचं तर ते सभेत, सगळ्यांसमोर व्हावं.

म्हणून सदस्य व्हायची इच्छा असेल तर काम सभेच्या महिनाभर आधी सुरू होतं. सध्याची समिती कधी स्थापन झाली ते मुख्याध्यापकांना विचारा. तारीख प्रोसिडिंगच्या वहीत असते, तिच्यात दोन वर्षं मिळवली की मुदत कळते. सभेची सूचना निदान आठ दिवस आधी मिळावी आणि वेळ संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवशीची ठेवावी, अशी विनंती चारपाच पालकांच्या सह्यांनी लेखी द्या. तोंडी बोलणं विसरलं जातं, अर्जावर आवक क्रमांक पडतो. मग तुमच्या मुलाच्या वर्गातल्या पालकांना एकेकाला भेटा. शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर, दूध डेअरीवर, जिथं माणसं रोज भेटतात तिथं. काय करणार ते एका वाक्यात सांगा: मुलींच्या संडासाला पाणी आणणार, तिसऱ्या शिक्षकाचा पाठपुरावा करणार. ‘शाळेचा सर्वांगीण विकास’ असं सांगितलंत तर कुणी ऐकणार नाही, आणि ऐकू नयेच.

तुमच्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असतील तर पुनर्गठनाची तारीख हा मोठा प्रश्न आहे. दिवाळीच्या आगेमागे ती माणसं बाहेर पडतात ती उन्हाळ्यातच परततात. त्या काळात सभा घेतली तर ज्यांच्या मुलांची शाळा सगळ्यात जास्त बुडते त्यांचाच प्रतिनिधी समितीत नसतो. सभा जूनजुलैत घ्या, असा आग्रह धरा.

इच्छुक जागांपेक्षा जास्त असतील तर हात वर करून किंवा चिठ्ठ्यांनी मतदान होतं. अध्यक्षाची निवड नंतर, सदस्यांच्या पहिल्या बैठकीत. पहिल्याच खेपेला अध्यक्षपदाच्या मागं लागू नका, असा माझा सल्ला. अध्यक्षाची सही पैशाच्या व्यवहारांवर असते आणि हिशेबात काही राहिलं तर नोटीस त्यालाही येते. कागद वाचणारा साधा सदस्य अध्यक्षाइतकाच उपयोगी पडतो.

आता बैठक. महिन्यातून एकदा ती व्हावी अशी अपेक्षा आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बहुतेक ठिकाणी इथं माना डोलतात आणि गाडी पुढं जाते. माझं म्हणणं, सगळी समिती या एका ओळीवर उभी आहे. मागच्या महिन्यात ठरलं की पंप दुरुस्त करायचा. झाला का? नसेल तर का, आणि आता कोण करणार, कधीपर्यंत? हे विचारून उत्तर वहीत लिहून घेतलं की पुढच्या महिन्यात तोच प्रश्न टाळता येत नाही. ठराव कसा लिहिलाय त्यावरही बरंच अवलंबून असतं. ‘शाळेच्या अडचणींवर चर्चा झाली’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘ठराव क्र. ४. इयत्ता पहिली ते पाचवीची पटसंख्या ६४ असून सध्या दोन शिक्षक कार्यरत आहेत. तिसऱ्या शिक्षकाची मागणी गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती यांच्याकडे आठ दिवसांत करावी व त्याची पोच पुढील सभेत ठेवावी, असे सर्वानुमते ठरले. सूचक, अनुमोदक.’

यात आकडा आहे, कुणाकडे ते आहे, मुदत आहे आणि पोच मागितली आहे. हा ठराव जोडून गेलेलं पत्र केंद्रप्रमुखांना किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांना बाजूला सारणं अवघड जातं.

वही घरोघर फिरवून सह्या घेण्याची पद्धत मात्र बंद पाडा. बैठक झालेलीच नसते आणि इतिवृत्त तयार असतं. विशेषतः महिला सदस्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं. फलकावर बाईचं नाव, बैठकीला तिचा नवरा, आणि सही संध्याकाळी चुलीपाशी. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं मानधन थकलंय, सातवीच्या मुली महिन्यातले चार दिवस शाळेत का येत नाहीत, हे जिला ठाऊक असतं तिलाच बैठकीत जागा नसते. निम्म्या जागा महिलांना देण्यामागचं कारणच त्यानं निकामी होतं. एकटीला बोलायला जड जात असेल तर दोघीतिघींनी आधी ठरवून एकत्र जावं आणि एक विषय धरावा.

पैशाचं गणित समजून घेऊ, कारण इथंच सदस्य सगळ्यात जास्त बिचकतात. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं आणि ते पटसंख्येवर ठरतं. निकषाप्रमाणे ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० मुलांना २५,०००, १०१ ते २५० मुलांना ५०,०००, पुढं हजार मुलांपर्यंत ७५,००० आणि त्यावर एक लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. आपली ६४ मुलांची शाळा घेतली तर वर्षाला २५,०००, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर. यात विजेचं बिल, खडू, हजेरीपत्रकं, फुटलेली कौलं, नळाची तोटी, संडासाची साफसफाई. वरवर पाहता गुरुजी पैसे खातात असा संशय घेणारे गावात असतात. त्यांनी एकदा हे गणित मांडून पाहावं. हिशेब सदस्यांसमोर उघडा असेल तर त्या संशयातून गुरुजीही सुटतात.

सदस्य म्हणून तीन कागद पाहायचे: कॅशबुक, पासबुक किंवा पीएफएमएसवरची (सरकारी पैशाच्या ऑनलाइन प्रणालीवरची) नोंद, आणि पावत्यांची फाइल. खर्चाला समितीचा ठराव आधी झालाय का, दुकानदारांची कोटेशनं घेतलीत का, आणलेली वस्तू साठा नोंदवहीत चढली का, एवढं जुळलं तरी पुष्कळ झालं. एक गोष्ट वेळेची. पैसे वेळेत वापरले नाहीत तर ३१ मार्चनंतर खर्चाची मर्यादा, म्हणजे शाळेसाठी ठेवलेली रक्कम, परत जाऊ शकते. बऱ्याचदा रक्कमच उशिरा उपलब्ध होते आणि मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावपळ. कशावर खर्च करायचा हे जानेवारीतच ठराव करून ठेवलं असेल तर ती टळते.

गावकऱ्यांकडून मदत घेता येते, लोकसहभागातून रंगरंगोटी झालेल्या, संगणक आलेल्या शाळा महाराष्ट्रभर आहेत. पण देणगी खुशीची हवी आणि तिची पावती हवी. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून सक्तीनं रक्कम घेणं आरटीईच्या कलम १३ प्रमाणं गुन्हा आहे आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत होऊ शकतो.

समितीचा उपयोग काय, याचा धडा अख्ख्या राज्याला गणवेशाच्या निमित्तानं मिळाला. मोफत गणवेशासाठी प्रत्येक मुलामागं दोन जोडांचे ६०० रुपये मंजूर असतात. ६४ मुलांचे होतात ३८,४००, म्हणजे त्या शाळेच्या वर्षभराच्या संयुक्त अनुदानापेक्षाही जास्त. पूर्वी ही खरेदी समित्या करायच्या. तालुक्याच्या दुकानातून कापड, गावातल्या किंवा शेजारच्या टेलरकडून मापं. मग ‘एक राज्य, एक गणवेश’ हे धोरण आलं आणि २०२४-२५ मध्ये कापड राज्य पातळीवरून खरेदी करून महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं. कल्पनेत वाईट काही नव्हतं. पण अनेक शाळांत ऑगस्ट उलटला तरी गणवेश पोचले नाहीत, पोचले तिथं मापं जमेनात, पहिलीतल्या मुलाला तिसरीतल्याची चड्डी. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिले. कुठल्या मुलाची उंची किती हे मंत्रालयातून दिसत नाही, ते टेलरला आणि आईला दिसतं. अधिकार परत मिळाला आहे तर तो नीट वापरला पाहिजे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मापं घ्या, कापडाचा नमुना पालकांना दाखवा, बिल उघडं ठेवा.

पोषण आहाराबद्दल थोडक्यात. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण आहे. वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते आणि चवीच्या नोंदवहीत लिहायचं असतं. आठवड्यातून एक दिवस न सांगता जा, ताटात डाळ किती आहे ते पाहा, खा आणि खरं ते लिहा.

आता समितीचं सगळ्यात वजनदार आणि सगळ्यात दुर्लक्षित काम: शाळा विकास आराखडा. कलम २२ प्रमाणं तो समितीनं तयार करायचा आहे, आणि सरकारच्या योजना व अनुदानं त्याच्या आधारे ठरावीत असं कायदाच म्हणतो. तो तीन वर्षांचा असतो. वर्गवार किती मुलं येतील, किती शिक्षक लागतील, कोणत्या खोल्या, किती पैसा, हे वर्षावर्षानं मांडायचं. बहुतेक शाळांत मुख्याध्यापक रात्री बसून मागच्या आराखड्यावरून नवा लिहितात आणि सह्या घेतात. त्यांच्यावर माहिती भरण्याचं एवढं ओझं असतं की दुसरं काही सुचायला वेळच नसतो. तुम्ही चार पालकांनी एक शनिवार दिलात तर आराखडा खरा होईल.

कायद्याच्या परिशिष्टात मोजपट्टी दिलेलीच आहे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९०ला तीन, ९१ ते १२०ला चार. मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, अपंग मुलाला जाता येईल अशी वाट, स्वयंपाकाची खोली, मैदान, कुंपण. ही यादी हातात घेऊन शाळेला एक फेरी मारायची आणि जे नाही ते लिहायचं. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर हे सरकार ठरवतं तेव्हा, पटसंख्येवर ठरतात आणि त्यासाठी सप्टेंबरअखेरचा पट महत्त्वाचा धरला जात आला आहे. आधार न जुळलेली मुलं मोजणीतून गळतात. तेव्हा ऑगस्टमध्येच वर्गवार आधारची यादी मागवा. स्थलांतरित कुटुंबातली दोन मुलं त्यामुळं सुटली तर सबंध शाळेचा एक शिक्षक जाऊ शकतो. संचमान्यतेचे राज्याचे निकष बदलत राहतात, म्हणून चालू वर्षाचा शासन निर्णय केंद्रप्रमुखांकडून घेऊन ठेवा.

कमी पटाच्या शाळा बंद करून त्या मिळून एक समूह शाळा काढण्याची चर्चा जिथं चालू आहे तिथं तर समितीचा ठराव फार मोलाचा. राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. वाटेत ओढा आहे, पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो, हे गुगलच्या नकाशात दिसत नाही. ते ठरावात यायला हवं.

आराखडा पंचायत समितीत देऊन थांबू नका. तोच कागद ग्रामसभेत ठेवा. ग्रामपंचायतीचा स्वतःचा विकास आराखडा असतो आणि वित्त आयोगाच्या निधीतून शाळेची कामं घेता येतात. २ ऑक्टोबरची ग्रामसभा त्यासाठी चांगली, कारण पुढच्या वर्षाची कामं साधारण तिथून पुढं ठरू लागतात.

समितीला काय करता येत नाही तेही माहीत असावं. शिक्षकाची नेमणूक, बदली, निलंबन तिच्या हातात नाही. शिक्षकाला सगळ्यांदेखत फैलावर घेणं हा तिचा अधिकार तर मुळीच नाही. तक्रार असेल तर तारखांसह ठराव करून वर पाठवायची. शिक्षक वर्गात नसतो तेव्हा तो कुठं असतो हेही विचारा. कलम २७ प्रमाणं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं त्याला देता येत नाहीत. त्याच्या वेळेसाठी भांडणारी समिती असली की शिक्षकही समितीकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागतो.

खासगी अनुदानित शाळांत २०१२च्या दुरुस्तीनंतर ही समिती फक्त सल्ला देणारी आहे. विनाअनुदानित शाळांना ती लागू नाही. तिथल्या पालकांनी राज्याचा २०११चा शुल्क विनियमन कायदा वाचावा. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत पालक चिठ्ठ्या टाकून, म्हणजे सोडतीनं, निवडायचे असतात आणि फीवाढीचा प्रस्ताव त्या समितीपुढं यावा लागतो. चिठ्ठ्या पालकांसमोर टाकल्या का, एवढा एक प्रश्न जूनमध्ये विचारला तरी पुष्कळ गोष्टी उजेडात येतात.

आणि सगळं करूनही वरून उत्तर आलं नाही तर? कलम ३२ प्रमाणं मुलाच्या हक्काबद्दलची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावात जिल्हा परिषदेकडे आणि शहरात महापालिका किंवा नगरपालिकेकडे, लेखी करता येते. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. त्या अर्जाला काय जोडायचं? तारीखवार ठराव, पत्रांच्या पोचा आणि आराखड्याची प्रत. दोन वर्षं दर महिन्याला बैठक झाली असेल आणि इतिवृत्त नीट लिहिलं असेल तर ही फाइल आपोआप तयार असते. मुलगा पाचवी पास होऊन दुसऱ्या शाळेत गेला की तुमचं सदस्यत्व संपेल. त्याआधी या फाइलची एक झेरॉक्स पुढच्या समितीतल्या एखाद्या आईच्या हाती द्या.